श्यामचे श्रोते कुठे गेले? : ‘श्यामची आई’ पुन्हा वाचताना

एका साध्या प्रश्नाने सुरुवात करू या. ‘श्यामची आई’ म्हटल्याबरोबर तुमच्या डोळ्यांपुढे कोण येतं? आमच्या पिढीचं उत्तर ठरलेलं आहे, वनमालाबाई. आचार्य अत्र्यांचा चित्रपट १९५३ साली आला. पुढच्याच वर्षी चित्रपटांचे राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक या मराठी चित्रपटाला मिळालं. ज्या वनमालाबाई बारा वर्षांपूर्वी सोहराब मोदींच्या ‘सिकंदर’मध्ये इराणी रुखसाना झाल्या होत्या, त्या इथे कोकणातल्या कर्जबाजारी घरची आई झाल्या. आणि अशा झाल्या की पुस्तक उघडलं तरी आता तोच चेहरा दिसतो. मूळ पुस्तक न वाचलेल्यांनाही दिसतो.

आता दुसरा प्रश्न. श्याम कोण दिसतो? एक लहान मुलगा. माधव वझ्यांनी केलेला, किंवा पाठ्यपुस्तकातल्या धड्याच्या चित्रातला. थोडा हट्टी, थोडा भित्रा, पुष्कळ हळवा. बरोबर?

नेमकं इथेच थांबायला हवं. कारण पुस्तकात जो श्याम पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत आपल्यासमोर असतो, तो लहान मुलगा नाहीच. तो चांगला मोठा माणूस आहे. आश्रमात राहतो, काम करतो, आणि संध्याकाळची प्रार्थना झाली की मित्रांना एकेक आठवण सांगतो. लहान श्याम हा त्या मोठ्या श्यामच्या बोलण्यातला श्याम आहे. पुस्तकाचे भाग ‘प्रकरण’ या नावाने येत नाहीत, ‘रात्र’ या नावाने येतात. पहिली रात्र, दुसरी रात्र, अशा बेचाळीस. रात्र कशाची? ऐकण्याची. गोविंदा आहे, भिका आहे, नामदेव आहे, गावातली माणसं येऊन बसतात. कुणी आधी काही बोलतं, कुणी मधे विचारतं, श्यामचा गळा भरून येतो, तो थांबतो, मग पुढे सुरू करतो.

आज आम्हाला एवढंच म्हणायचं आहे की हे ऐकणारे लोक या पुस्तकातली सजावट नव्हेत. ते काढून घेतले की पुस्तक बदलतं, आईसुद्धा बदलते. आणि गेली सत्तर वर्षं आपण ते काढूनच हे पुस्तक एकमेकांना देत आलो आहोत.

थोडा इतिहास सांगतो, कारण तो फार बोलका आहे. १९३२ साली साने गुरुजी धुळ्याच्या तुरुंगात होते. विनोबाही तिथेच होते. विनोबांनी दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर बोलायचं ठरवलं. अठरा रविवार, अठरा प्रवचनं. ती लिहून घेतली कोणी? साने गुरुजींनी. आज आपण ‘गीता प्रवचने’ म्हणून जे पुस्तक वाचतो ते त्या लेखणीतून उतरलेलं आहे. (आमची ही व्याख्यानं ऐकून ऐकून जी मंडळी टंकलिखित करतात, त्यांनी मनातल्या मनात एक नमस्कार करायला हरकत नाही. तुमच्या धंद्याचे मूळ पुरुष ते.) पुढच्याच वर्षी, १९३३ च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात, ९ तारखेला सुरुवात करून १३ तारखेला गुरुजींनी ‘श्यामची आई’चं लिखाण हातावेगळं केलं. पाच दिवस! या वेगाचं लोकांना फार नवल वाटतं. आम्हाला त्याहून नवल वाटतं ते आकाराचं. वर्षभर आधी ज्याने एका माणसाचं बोलणं, समोर बसलेल्या माणसांसाठीचं बोलणं, अठरा बैठकींत कानांनी झेललं, त्याने स्वतःचं पुस्तक लिहायला घेतलं तेव्हा त्याला रूपही बैठकीचंच सुचलं. हा आमचा तर्क आहे, पुरावा नव्हे. पण तर्काला जागा आहे. शिवाय विनोबांनी गीतेचा मराठी अवतार केला तो आईसाठी, म्हणून त्याचं नाव ‘गीताई’. धुळ्याच्या त्या तुरुंगात आई हा विषय हवेतच होता म्हणा ना.

आणि हा आकार आपल्याला परका नाही. महाभारत कोण कोणाला सांगतं? सूत सांगतो, नैमिषारण्यातले ऋषी ऐकतात, आणि सूताने ते आधी दुसरीकडे ऐकलेलं असतं. कोकणात लहानपण गेलेल्या माणसाच्या कानावर कीर्तन, पुराण, चातुर्मासातली पोथी हे सगळं पडलेलं असणारच. पोथी एकट्याने डोळ्यांनी वाचायची नसते. पोथी ‘लावायची’ असते. कोणीतरी वाचतं, बाकीचे वाती वळत, शेंगा सोलत ऐकतात, आणि आजचा अध्याय संपला की मग गप्पा होतात. त्या गप्पा हाही पोथीचाच भाग.

ग्रंथालयात हे पुस्तक कुठे कादंबऱ्यांत सापडतं, कुठे आत्मचरित्रांत, कुठे बालवाङ्मयात. आम्ही त्याला बिनदिक्कत कादंबरी म्हणतो. लेखकाचं नाव पांडुरंग, सांगणाऱ्याचं नाव श्याम. घडलेलं बहुतेक खरं असेल, पण ज्या क्षणी पांडुरंगाने स्वतःला दुसरं नाव दिलं आणि सभोवती श्रोते बसवले, त्या क्षणी त्याने एक अंतर निर्माण केलं. कादंबरीला लागतं ते अंतर हेच. ते कशासाठी लागतं ते आता एक-दोन रात्री घेऊन बघू.

पहिली रात्र सावित्रीव्रताची. आई आजारी आहे, वडाला प्रदक्षिणा घालण्याचं त्राण नाही. ती श्यामला सांगते, माझ्या वतीने तू घाल. श्यामला लाज वाटते. बायकांचं व्रत, मुलं हसतील. आई त्याला समजावते की देवाच्या कामाची लाज कसली, लाज वाईट कामाची धरावी. इथवर ही संस्कारकथा आहे, आणि धडा म्हणून छापायला सोयीची आहे. पण पुस्तकात ही गोष्ट कोण सांगतोय? मोठा श्याम. आणि त्याला आठवतं काय? प्रदक्षिणांचं पुण्य आठवत नाही, स्वतःची ती लाज आठवते. अॅरिस्टॉटलने एके ठिकाणी म्हटलंय की लाज हा तरुणांना शोभणारा भाव आहे. प्रौढ माणसात ती गुण म्हणून वाखाणू नये, कारण लाज वाटावी असं काम त्याने मुळात करूच नये. श्याम हा अॅरिस्टॉटलच्या या हिशेबात न बसणारा माणूस आहे. तो प्रौढ झालाय आणि अजून लाजतो. चारचौघांत, मोठ्याने. बेचाळीस रात्री तो आईची स्तुती करतो असं आपण धरून चालतो, पण मोजून पाहा, त्यातल्या कितीतरी रात्री तो स्वतःची फजिती सांगतोय. पोहायला जायचं टाळून लपलो. पत्रावळ लावता येत नव्हती. पाहुण्याचे पैसे चोरले.

त्या चोरीबद्दल जरा सविस्तर बोलू, कारण तत्त्वज्ञानाच्या माणसाला तिथे सेंट ऑगस्टीन आठवल्याशिवाय राहत नाही. ऑगस्टीनच्या ‘कन्फेशन्स’मध्ये पेअरच्या चोरीचा प्रसंग आहे. सोळा वर्षांचा असताना त्याने मित्रांबरोबर शेजारच्या झाडाची फळं चोरली. खाल्ली म्हणावं तर तेही नाही, डुकरांपुढे टाकली. या एवढ्याशा चोरीवर तो पानंच्या पानं खर्च करतो. का केली आपण ही चोरी? भूक नव्हती, फळं काही चांगली नव्हती. शेवटी तो म्हणतो की एकटा असतो तर केली नसती. सोबत होती म्हणून केली. आता श्यामची चोरी बघा. त्या रात्रीचं नावच मोठं विलक्षण आहे, ‘मोठा होण्यासाठी चोरी’. पुस्तकं हवीत, मोठं व्हायचंय, म्हणून पाहुण्याच्या खिशात हात गेला. ऑगस्टीनच्या चोरीला कारणच सापडत नाही, श्यामच्या चोरीला फार चांगलं कारण आहे. आमच्या मते श्यामची चोरी जास्त धोक्याची. चांगल्या कारणासाठी केलेली वाईट गोष्ट माणूस स्वतःला चटकन माफ करतो. आपल्या आसपास, घरात आणि सार्वजनिक जीवनातही, बहुतेक चोऱ्या याच जातीच्या असतात, नाही का?

दुसरा फरक याहून महत्त्वाचा. ऑगस्टीनचे मित्र चोरीत सामील होते. श्यामचे मित्र कबुलीत सामील आहेत. ऑगस्टीन देवाशी बोलतो, आपण ते ओझरतं ऐकतो. श्याम माणसांशी बोलतो. देव सर्वज्ञच असतो, त्याला सांगण्यात तेवढी नामुष्की नाही. ज्यांच्याबरोबर उद्या सकाळी सूत कातायचंय, झाडलोट करायची आहे, त्यांना ‘मी चोर होतो’ असं सांगणं अवघड.

आता चित्रपटाकडे वळू. आधीच स्पष्ट करतो, अत्र्यांचा चित्रपट आम्हाला प्रिय आहे. अत्रे म्हणजे विडंबनकार, सभा हसवून लोळवणारे वक्ते, वाद ओढवून घेणारे संपादक. अशा माणसाने या विषयाला हात घालताना आपली सगळी चलाखी बाजूला ठेवली. गुरुजींना जाऊन तीन वर्षंही झाली नव्हती. जून १९५० मध्ये गुरुजींनी स्वतःचं जीवन संपवलं होतं. ती जखम ताजी होती. चित्रपटातली ऋजुता त्या काळाचीही आहे. वसंत देसाईंचं संगीत, आणि द्रौपदीने भावासाठी भरजरी वस्त्र फाडलं ते आशाबाईंचं गाणं, हे तर चित्रपटाच्या बाहेर पडून घराघरांत भाऊबीजेला जाऊन बसलं.

पण पडद्याचा एक स्वभाव असतो. पडद्यावर जे घडतं ते आत्ता घडतं. शिंपटी उगारली की ती आत्ता उगारलेली असते. ‘तेव्हा मला तिचा राग आला होता, आज कळतं’ या वाक्यातलं ‘तेव्हा’ आणि ‘आज’ यांच्यामधलं अंतर कॅमेऱ्याला दाखवायला फार कष्ट पडतात. बेचाळीस वेळा बैठक मांडायची, बेचाळीस वेळा मोडायची, हे चित्रपटाला परवडणारंही नाही. तेव्हा बैठक गेली आणि गोष्ट राहिली. सांगणारा गेला, मूल राहिलं. आणि श्रोते? श्रोत्यांच्या जागी आपण आलो, अंधारात, खुर्चीत, शेजारच्याशी न बोलता रडणारे. पुस्तकातले श्रोतेही रडतात हो, पण रडून झाल्यावर बोलतात. थिएटरात आपण डोळे पुसतो आणि बाहेर येऊन रिक्षा शोधतो.

‘रडकं पुस्तक’ हा जो आरोप ‘श्यामची आई’वर सतत होतो, त्याचा अर्धा हिस्सा आम्हाला या बदलाच्या नावावर टाकावासा वाटतो. उरलेला अर्धा गुरुजींच्या नावावर राहू द्या. काही रात्री खरोखर फार ओल्या आहेत, विशेषणं पाझरतात, आणि उपदेशाचा शेवटचा परिच्छेद नसता तर बरं झालं असतं असं आम्हालाही वाटतं.

सुजय डहाके यांनी २०२३ मध्ये पुन्हा ‘श्यामची आई’ केला, तोही कृष्णधवल. त्यात ओम भूतकर यांच्या रूपाने मोठे साने गुरुजी पडद्यावर आहेत. मोठ्या माणसाला परत आणलं ही त्या चित्रपटाची सगळ्यात शहाणी निवड. मात्र तिथेही तो माणूस आपल्याला इतिहासातला थोर पुरुष म्हणून बाहेरून दिसतो. गोविंदा-भिकाच्या शेजारी बसून, गुडघ्यांभोवती हात बांधून ऐकायची जागा काही मिळत नाही.

ती जागा मिळवायची कशी? आम्ही काही समवयस्क मंडळींनी गेल्या पावसाळ्यात एक प्रयोग केला. ‘श्यामची आई’ची पोथी लावली. आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर एक खोली आहे, कॅरम आणि मोडक्या खुर्च्या ठेवायची. संध्याकाळी सात वाजता, रोज एक रात्र. आमच्यातलं कोणी तरी आळीपाळीने वाचायचं. नातवंडं आली, काही आईबाप आले, शनिवार-रविवारी न्यू जर्सीहून दोन मुलं फोनवर यायची. त्यांच्याकडे तेव्हा सकाळचे साडेनऊ, म्हणजे तोंडात नाश्ता. एका अटीवर सगळे कायम राहिलो: वाचून झाल्यावर अर्धा तास बोलायचं, आणि मोठ्यांनी निष्कर्ष काढायचा नाही. ही अट पाळणं आम्हा शिकवण्याचा धंदा केलेल्यांना किती जड गेलं ते काय सांगावं.

मुलं रडली नाहीत. आम्हाला वाटलं होतं रडतील. पत्रावळीच्या रात्री हसली. ‘अळणी भाजी’च्या रात्री, भाजीत मीठ नाही हे बापाने जेवताना कळूच दिलं नाही, यावर पाऊण तास वाद झाला. एकाचं म्हणणं, हे खोटं बोलणंच झालं. दुसरी म्हणाली, गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं नाही. तिसरा म्हणाला, पण मग आईला नंतर जास्त वाईट वाटलं त्याचं काय? आम्ही कान्ट तीस वर्षं शिकवला. सत्य बोलण्याच्या कर्तव्यावर इतका जिवंत तास आमच्या वर्गात झाल्याचं आठवत नाही.

खरी कसोटी लागली ती ‘देवाला सारी प्रिय’ या रात्री. गोष्ट तुम्हाला माहीत असेल. एक म्हातारी महारीण, तिची लाकडांची मोळी खाली पडली आहे, तिला ती पुन्हा डोक्यावर घेववत नाही. हात लावायला कोणी तयार नाही. श्यामची आई श्यामला सांगते, जा, तिच्या डोक्यावर मोळी दे, आणि मग घरी येऊन आंघोळ कर. श्याम जातो, उचलून देतो, लोक बोलतात, तो येऊन आंघोळ करतो.

वाचन थांबलं. बारा वर्षांच्या एका मुलीने विचारलं, “मग आंघोळ कशाला?”

मंडळी, या प्रश्नावर हे पुस्तक टिकतं किंवा पडतं. आंघोळीचं वाक्य गाळून ही गोष्ट पुढे देता येते, आणि अनेकांनी तशी दिली आहे. मग आई एकदम आधुनिक होते, निष्कलंक होते. किंवा वाक्य ठेवून म्हणता येतं, बघा, ही तुमची थोर माता, विटाळ मानत होती. दोन्ही वाचनांत श्याम लहान मुलगाच राहतो आणि आई मूर्ती राहते; एकीत पूजेची, दुसरीत फोडायची.

पण ही गोष्ट सांगणारा तो मोठा माणूस जागेवर ठेवा आणि बघा काय होतं. आईने आंघोळ सांगितली होती, हे तो लपवत नाही. श्रोत्यांपुढे तो ते जसंच्या तसं मांडतो. आईला तिच्या काळात, तिच्या परिस्थितीत जेवढं पाऊल टाकता आलं तेवढं तिने टाकलं. सांगणारा ज्या आश्रमात बसला आहे तिथे ती आंघोळ उरलेली नाही. आणि ज्याने हे लिहिलं तो पुढे १९४७ च्या मे महिन्यात, पंढरपूरचं विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुलं व्हावं म्हणून दहा दिवस उपाशी बसला. आईची आंघोळ आणि मुलाचं उपोषण यांच्यामध्ये जे अंतर आहे, त्या अंतरातून हे पुस्तक बोलतं. आईवर प्रेम करणं आणि आईच्या पुढे जाणं ही दोन कामं श्याम एकाच वेळी करतो, आणि आईला खाली न पाडता करतो. तत्त्वज्ञानात आम्ही परंपरा आणि चिकित्सा यांवर किती कागद काळे केले. इथे एक मुलगा मित्रांना आईची गोष्ट सांगता सांगता तेच करून दाखवतो. पण तो दिसला पाहिजे. नुसत्या लहान श्यामला हे करता येत नाही, त्याला फक्त आज्ञा पाळता येते.

आम्ही हे सगळं त्या मुलीला सांगितलं नाही. अट होती ना. तिच्या प्रश्नावर थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग आमच्यातलेच एक गृहस्थ, बँकेतून निवृत्त झालेले, फार कमी बोलणारे, म्हणाले, “हीच गोष्ट त्या म्हातारीच्या नातवाने सांगितली तर कशी सांगेल?” एवढंच म्हणाले. आणि त्या खोलीत आम्हाला दिसलं की या पुस्तकात श्रोते आहेत, पण ती म्हातारी त्या श्रोत्यांत नाही. तिला नाव नाही. मोळी डोक्यावर आल्यावर ती गोष्टीतून निघून जाते. हे गुरुजींचं पाप आहे असं आम्ही म्हणणार नाही. पण ही त्या पुस्तकाची सीमा आहे, आणि ती आम्हाला इतक्या वेळा वाचूनही दिसली नव्हती, तिथे दिसली. कारण सगळे मिळून मोठ्याने वाचत होतो आणि ते गृहस्थ तिथे बसले होते.

पुनर्वाचनाचं आणखी एक. वय झाल्यावर हे पुस्तक वाचलं की आईइतकाच बाप दिसू लागतो. श्यामचे वडील, भाऊ. खोतीचं घराणं, भाऊबंदकी, कोर्टकचेऱ्या, कर्ज. ‘कर्ज म्हणजे जिवंतपणी नरक’ आणि ‘अब्रूचे धिंडवडे’ या रात्री मुलांच्या आवृत्त्यांतून बहुधा घाईने ओलांडल्या जातात. वास्तविक ही एका घराच्या बुडण्याची कादंबरी आहे, आणि ते बुडणं फार नेमकं आहे: व्याज, मग जप्ती, मग दारात येऊन बसणारा सावकाराचा माणूस. आई करारी का झाली? कारण हिशेब कोणाला तरी ठेवायचा होता आणि घरातल्या पुरुषाला तो जमत नव्हता. बापावर श्यामचं प्रेम आहे, ‘उदार पितृहृदय’ अशी एक अख्खी रात्र त्याने बापाला दिली आहे. पण बाप व्यवहारात कच्चा होता हे तो झाकत नाही. दिवाळीत माहेरहून आलेल्या ओवाळणीच्या पैशांतून आई नवऱ्यासाठी धोतर आणवते, कारण त्याचं फाटलेलं आहे. लहानपणी आम्हाला हा त्याग वाटला होता. आता वाटतं, त्या घरात रोख पैसा एवढाच उरला होता, आणि तोही भावाने पाठवलेला. गरिबीचा असा जमाखर्च मराठीत त्या काळी फार थोड्यांनी लिहिला.

शेवटच्या रात्रींकडे येतो आणि थांबतो. आईचा शेवटचा आजार, निरवानिरव, मृत्यू. इथे एक गोष्ट आमच्या फार उशिरा लक्षात आली. आई गेली तेव्हा श्याम तिथे नव्हता. तो पोचला तेव्हा सगळं संपलं होतं. म्हणजे या रात्री तो जे सांगतो ते त्याने पाहिलेलं नाही. जी माणसं जवळ होती त्यांच्याकडून ऐकलेलं आहे. आयुष्यभर आईच्या गोष्टी सांगणारा श्याम तिच्या मृत्यूच्या बाबतीत स्वतः एक श्रोता आहे. प्लेटोच्या ‘फीडो’ची आठवण होते. सॉक्रेटिसच्या मृत्यूची हकिगत तिथे फीडो हा शिष्य एकेक्रातीसला सांगतो, कोण कोण हजर होतं त्यांची नावं घेतो, आणि मधेच म्हणतो की प्लेटो बहुधा आजारी होता. स्वतः लिहिणारा गैरहजर! ज्या मरणापाशी आपण नव्हतो ते लिहायचं तर दुसऱ्याच्या तोंडूनच यायला हवं, ही सभ्यता दोघांनीही पाळली. कॅमेऱ्याला अशा सभ्यतेचं बंधन नसतं, तो कोणाच्याही उशाशी जाऊ शकतो.

आमच्या खोलीत बेचाळिसावी रात्र झाली तेव्हा बाहेर गणपतीच्या मांडवाचे बांबू उतरत होते. मुलांनी विचारलं, आता पुढे काय? यावर चर्चा झाली नाही, कारण ते बँकेतले गृहस्थ पुस्तक पिशवीतून घेऊनच आले होते. बेबीताई कांबळे यांचं ‘जिणं आमचं’. दिवाळीनंतरच्या सोमवारपासून ते लावलं आहे, वाचायची पहिली पाळी त्यांचीच होती. तिथे रात्री नाहीत, प्रकरणं आहेत, आणि काही प्रकरणं एका बैठकीत संपत नाहीत.

बरं, आता प्रश्न घेऊ या. मागच्या रांगेतला हात आम्हाला मघापासून दिसतोय.